खिन्न मनाशी बोलताना : एक प्रस्तावना

गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. केंद्रात तपासणीसाठी आलेल्या प्रौढांना नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली विचारली जाई. तिच्यावरून ज्यांचे नैराश्य बऱ्यापैकी तीव्र दिसले, अशा ४९५ जणांचे दोन गट करण्यात आले; कोण कोणत्या गटात जाणार, हे नशिबावर सोडले होते. एका गटाला केंद्रातले नेहमीचेच उपचार मिळाले. फक्त डॉक्टरांना प्रश्नावलीचा निकाल कळवला होता आणि पुढे काय करावे याच्या सूचना दिल्या होत्या. दुसऱ्या गटाला याच्या जोडीला आठवड्यातून एकदा, अर्धा-पाऊण तासाच्या, सहा ते आठ भेटी मिळाल्या. या भेटींत समोर बसणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती, तिने मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षणही घेतलेले नव्हते. ती समाजातलीच, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेली होती. तीन महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा पहिल्या गटातले ३९ टक्के लोक नैराश्याच्या रेषेखाली आले होते आणि दुसऱ्या गटातले ६४ टक्के. वर्षभराने पाहिले तेव्हाही फरक टिकून होता.

'संगाथ' या संस्थेने केलेला हा प्रयोग पुस्तकाच्या दारातच ठेवण्याचे कारण आहे. "नुसतं बोलून काय होणार?" हा प्रश्न आपल्याकडे घरचे लोक विचारतात, आणि खासगीत काही डॉक्टरही विचारतात. याच्या उलट बोलण्याला जादू मानणारेही आहेत. मन मोकळे केले की सगळे सुटते, असे त्यांना वाटते. या विषयात येणाऱ्या नव्या वाचकाने हे दोन्ही समज उंबऱ्याबाहेर ठेवून यावे. बोलून करायचा उपचार हे एक कौशल्य आहे. ते लिहून काढता येते, शिकवता येते, आणि त्याचा उपयोग होतो की नाही हे तपासताही येते. ते काही जणांना लागू पडत नाही, हेही त्याच तपासणीतून कळते. गोव्याच्या दुसऱ्या गटातल्या ३६ टक्के लोकांना तीन महिन्यांत उतार पडला नव्हता. पुढची प्रकरणे वाचताना तेही लक्षात असावेत.

मनःस्थितीचे विकार म्हणजे काय, हे पहिल्या दोन प्रकरणांत सविस्तर आले आहे, इथे थोडक्यात. दुःख हा आजार नाही. माणूस गेला, पीक बुडाले, नोकरी सुटली तर मन काळवंडणारच. पण उदासपणा किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसभर टिकते, झोप-भूक बिघडते, हालचाल मंदावते, आपण नालायक आहोत असे पक्के वाटू लागते आणि रोजचे काम होईनासे होते, तेव्हा त्याला आजार म्हणून पाहावे लागते. काहींच्या आयुष्यात याच्या उलट टोकाचेही दिवस येतात: झोपेची गरजच संपते, बोलणे थांबत नाही, पैसा उधळला जातो, अफाट योजना सुचतात. उन्माद आणि खिन्नता या एकाच आजाराच्या दोन अवस्था असू शकतात, हे जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिनने १८९९ साली ठामपणे मांडले. त्याची मूळ चौकट बरीच बदलली असली तरी बायपोलर विकाराची आजची कल्पना तिथूनच आली आहे.

आता त्या अर्ध्या-पाऊण तासात नेमके होते काय ते पाहू. समजा, वाई तालुक्यातली चाळिशीतली एक बाई आहे. मुलगा पुण्याला कामाला, नवरा शेतात, आणि ती गेले दोन-अडीच महिने दिवसाचा बराच भाग पडून असते. समोर बसलेली समुपदेशक तिला धीर देत नाही, मन रमवायलाही सांगत नाही. ती विचारते, "ताई, काल उठल्यापासून काय काय झालं?"

"काय होणार? पडून होते."

"उठलात किती वाजता?"

"आठ वाजले असतील."

मग हळूहळू कालचा दिवस कागदावर उतरतो. चहा, पुन्हा आडवे होणे, दुपारी न जेवताच डोळा लागणे, मुलाचा फोन वाजला तो न उचलणे. चारच्या सुमारास जावेची लेक आली होती, तिची वेणी घातली. "तेव्हा कसं वाटत होतं?" बाई जरा आठवून पाहते. "तेव्हा… तेवढं काही नव्हतं."

पुढचे सहा आठवडे या "तेवढं काही नव्हतं"वर उभे राहतात. नैराश्यात माणूस सांगतो, बरे वाटले की करीन. करणे थांबते, म्हणून बरे वाटण्याची कारणेही थांबतात, आणि पडून राहणे आणखी सोपे होते. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये पीटर लुइन्सोन यांनी १९७०च्या दशकात हे चक्र नीट मांडले. उपचार ते उलट बाजूने फिरवायला बघतो: बरे वाटण्याची वाट न पाहता एक लहानशी गोष्ट ठरवायची, वार आणि वेळ ठरवून करायची, आणि केल्यावर कसे वाटले त्याची नोंद ठेवायची. मंगळवारी चार वाजता पुतणीची वेणी. गुरुवारी मुलाला आपणहून फोन. हे ऐकायला बालिश वाटते, मला स्वतःला पहिल्यांदा वाटले होते. पण तीव्र नैराश्यातल्या माणसाला अंथरुणातून उठून दात घासणे किती जड जाते, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना यातला बालिशपणा दिसत नाही.

ही साधी पद्धत थेट सापडलेली नाही. तिथपर्यंतची वाट लांबची आहे, आणि ती समजली की पुढच्या प्रकरणांतले वाद नीट कळतात.

फ्रॉइडने १९१७ साली शोक आणि खिन्नता यांची तुलना करणारा निबंध लिहिला. खिन्न माणूस स्वतःला जो बोल लावतो, तो खरे तर हरवलेल्या दुसऱ्या कोणावरचा, आत वळलेला राग असतो, अशी त्याची मांडणी होती. चाळीसेक वर्षांनी फिलाडेल्फियातला अॅरन बेक नावाचा तरुण मनोविश्लेषक हीच मांडणी प्रयोगाने सिद्ध करायला निघाला. त्याने नैराश्यग्रस्त रुग्णांची स्वप्ने गोळा केली. आत वळलेला राग स्वप्नांत दिसेल अशी त्याची अपेक्षा होती; दिसले ते हरणे, हरवणे, नाकारले जाणे. जागेपणी ही माणसे स्वतःविषयी जे बोलत तेच. बेकने मग सिद्धांतावर शंका घेतली. शास्त्रात असे फार वेळा होत नाही.

याच काळात घडलेली एक गोष्ट तो पुढे सांगत असे. कोचावर पडून एक रुग्ण स्त्री आपल्या खासगी आयुष्यातले प्रसंग सांगत होती आणि बेचैन होत होती. बेकने शास्त्राप्रमाणे त्या बेचैनीचा अर्थ लावून दिला. तिने सांगितले की प्रत्यक्षात ती वेगळीच भीती बाळगून होती: आपल्या बोलण्याचा यांना कंटाळा येत असेल. म्हणजे तोंडाने चाललेल्या बोलण्याच्या मागे, त्याच वेळी, आणखी एक बोलणे चालू होते. झटपट, अर्धवट वाक्यांचे, आणि बाईला ते इतके सवयीचे की सांगण्यासारखे काही आहे असे तिला वाटलेच नव्हते. हे मागचे बोलणे पकडायचे, कागदावर आणायचे आणि त्याचा पुरावा मागायचा, यावर बेकची बोधात्मक उपचारपद्धती उभी राहिली. १९६१ साली त्याने नैराश्य मोजण्याची एकवीस कलमांची प्रश्नावली दिली, १९७९ साली सहकाऱ्यांसह उपचाराची सविस्तर पुस्तिकाच लिहिली. पुस्तिका हे या क्षेत्रातले मोठे वळण होते, असे माझे मत आहे. त्याआधी उपचारकाच्या खोलीत काय चालते ते गुरूकडून शिष्याकडे जात असे. आता ते छापील पानांवर आले, म्हणजे ते चुकीचे ठरवण्याची सोयही झाली.

न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस १९५०च्या दशकापासून त्याच दिशेने, पण बऱ्याच फटकळपणे चालला होता. मराठी वाचकाला एलिस परका नाही. मुंबईच्या किशोर फडके यांनी त्याच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला, त्याची विवेकनिष्ठ पद्धती इथे शिकवली, डॉ. अंजली जोशी यांनी 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी लिहिली. ठाण्याच्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ'मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रोजच्या कामात आणली. ही पद्धती महाराष्ट्रात इतकी चटकन रुजली याचे एक कारण मला आपल्या जुन्या सवयीत दिसते. रामदासांनी मनाला उद्देशून दोनशे पाच श्लोक लिहिले आणि ते पिढ्यान् पिढ्या पाठ केले गेले. मनाशी बोलता येते, मनाला समजावता येते, ही कल्पना आपल्याला शिकवावी लागत नाही. धोकाही तिथेच आहे. आपले नवशिके समुपदेशक फार लवकर उपदेशावर येतात. रुग्ण "माझ्यामुळे घराचं वाटोळं झालं" म्हणतो आणि समोरून लगेच उत्तर जाते, "असा विचार करू नका." बेकच्या पद्धतीत असे वाक्य बसत नाही. तिथे विचारले जाते: वाटोळे म्हणजे काय काय झाले? त्यातले तुमच्यामुळे किती? तुमच्या भावाच्या बाबतीत हेच घडले असते तर त्याला काय म्हणाला असता? उत्तर रुग्णाकडूनच यावे लागते, आणि कधीकधी ते दोन भेटींनंतर येते.

मग १९९६ साली सिएटलमध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी बेकच्या पद्धतीचे भाग सुटे केले. एका गटाला फक्त कामे ठरवून करण्याचा भाग दिला, दुसऱ्याला त्यात विचार तपासण्याचा भाग जोडून दिला, तिसऱ्याला संपूर्ण उपचार दिला. तिन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले. बेकच्या अनुयायांना हे फारसे रुचले नाही, आणि त्या निकालाचा अर्थ कसा लावायचा यावर अजून लिहिले जाते. पण त्याचा एक परिणाम कोणी फारसा अपेक्षिला नसेल. विचारांच्या बारीक उलटतपासणीला वर्षानुवर्षांचे शिक्षण लागते. दिवसाचा कागद भरून घ्यायला आणि एक-एक काम ठरवायला तितके लागत नाही. उपचाराचा सर्वांत साधा भागही पुरेसा असेल, तर तो तज्ज्ञाखेरीज इतरांनाही शिकवता येईल. गोव्याच्या आरोग्य केंद्रांत पोचली ती हीच शाखा.

दुसरी एक वाट माणसांच्या नात्यांमधून जाते. जेराल्ड क्लर्मन आणि मर्ना वाइसमन यांनी १९६९ साली सुरू झालेल्या एका औषधाच्या चाचणीत तुलनेसाठी बोलण्याचा भाग ठेवला होता. तो नीट बांधता बांधता त्यातूनच आंतरवैयक्तिक उपचारपद्धती तयार झाली. ती चार ठिकाणी शोध घेते: जवळचे कोणी गेले का, घरात वा कामावर कोणाशी ताणाताण आहे का, आयुष्यातली भूमिका बदलली का, की मुळात माणसेच जोडली गेलेली नाहीत. लग्न होऊन दुसऱ्या गावी आलेली मुलगी, निवृत्त झालेला हेडमास्तर, दोन मुले परदेशी गेलेले डोंबिवलीतले जोडपे: यातले कोणीही या चौकटीत न ओढता-ताणता बसते. युगांडातल्या ग्रामीण भागात तीस गावांच्या एका अभ्यासात ही पद्धती गटांतून वापरली गेली, पुरुषांचे गट वेगळे आणि बायकांचे वेगळे. २००३ साली आलेल्या निष्कर्षांत नैराश्याचे प्रमाण ठळकपणे घटलेले दिसले. रावळपिंडीच्या आसपासच्या खेड्यांत अतीफ रहमान यांनी बोधात्मक पद्धती बाळंतिणींपर्यंत नेली, आणि तीही घरोघर फिरणाऱ्या सरकारी आरोग्य सेविकांच्या मार्फत. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा नेहमीच्या गृहभेटी मिळालेल्या मातांपैकी ५३ टक्क्यांना नैराश्य होते, हा उपचार मिळालेल्यांपैकी २३ टक्क्यांना. सीमेपलीकडचा हा अभ्यास आपल्या आशाताईंच्या प्रशिक्षणवर्गात सांगण्यासारखा आहे.

असे आकडे वाचून उत्साह वाटतो, तो थोडा आवरायला हवा. औषधाच्या चाचणीत खऱ्या गोळीसारखी दिसणारी खोटी गोळी देता येते. बोलण्याच्या चाचणीत रुग्णाला आपल्यावर उपचार चालू आहे हे कळतेच. अनेक अभ्यासांत तुलना नुसत्या प्रतीक्षायादीवर ठेवलेल्या लोकांशी केलेली असते, आणि वाट बघत बसलेला माणूस कधीकधी वाट बघण्यामुळेच सुधारत नाही. शिवाय नकारार्थी निकाल आलेले अभ्यास छापून येण्याचे प्रमाण कमी. अॅमस्टरडॅमचे पिम कॉयपर्स गेली अनेक वर्षे शेकडो चाचण्या एकत्र करून हा हिशेब मांडत आहेत. या सगळ्याची वजाबाकी केल्यावर बोलण्याच्या उपचाराचा परिणाम सुरुवातीला वाटला होता त्यापेक्षा लहान निघतो. पण तो पुसला जात नाही. निरनिराळ्या प्रमुख पद्धतींत फारसा फरक आढळत नाही, हाही त्याच हिशेबातला निष्कर्ष, आणि आपापल्या पद्धतीचा झेंडा घेऊन उभ्या असलेल्यांना तो अजून पचलेला नाही.

औषध की बोलणे, या भांडणाला मी इथे फार जागा देणार नाही. मध्यम तीव्रतेच्या नैराश्यात दोन्हींचा तात्कालिक परिणाम साधारण सारखा येतो. दीर्घकाळ चिकटून बसलेल्या नैराश्यावर २००० साली अमेरिकेत ६८१ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात फक्त औषध किंवा फक्त बोलणे यांना ४८ टक्क्यांच्या आसपास प्रतिसाद मिळाला, दोन्ही एकत्र दिल्यावर ७३ टक्के. फरक पडतो तो उपचार थांबल्यावर. २००५ साली स्टीव्हन हॉलन आणि सहकाऱ्यांनी बऱ्या झालेल्या रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला. औषध बंद केलेल्यांपैकी ७६ टक्के पुन्हा आजारी पडले, बोधात्मक उपचार संपवलेल्यांपैकी ३१ टक्के. शिकलेले काहीतरी माणसाजवळ उरते, असा याचा अर्थ लावता येतो. कोणी यावरून आपली गोळी आज संध्याकाळीच बंद करणार असेल, तर कृपया तसे करू नये. ती गोष्ट डॉक्टरांशी बोलून, हळूहळू करायची असते.

उपचार थांबल्यावर आजार परततो, म्हणूनच पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या नैराश्यावर सजगतेवर आधारित बोधात्मक पद्धती आली. २००० सालच्या पहिल्या मोठ्या अभ्यासात, पूर्वी तीन किंवा अधिक वेळा आजार झालेल्यांना तिचा उपयोग झाला. दोनदाच झालेल्यांना झाला नाही. आपल्याकडे सजगता म्हटली की इगतपुरी आठवते आणि कोणीतरी भले चिंतून तीव्र नैराश्यातल्या भाच्याला थेट दहा दिवसांच्या मौनशिबिराला पाठवते. या पद्धतीत माणूस बरा असताना, आठवड्यातून एकदा, घरच्या सरावासह शिकतो. ऐन आजारात दहा दिवस स्वतःच्याच विचारांबरोबर एकटे राहणे ही अगदी वेगळी गोष्ट झाली.

पद्धतींमध्ये फरक नसेल, तर फरक कशाने पडतो? कार्ल रॉजर्सने १९५७ साली उत्तर दिले होते: उपचारकाचा खरेपणा, रुग्णाविषयीचा बिनशर्त आदर आणि त्याचे म्हणणे आतून समजून घेणे. बोलण्याच्या भेटी ध्वनिमुद्रित करून अभ्यासायला सुरुवात करणाऱ्यांतही तो होता. एडवर्ड बॉर्डिनने १९७९ साली याला अधिक कामाचे रूप दिले. कुठे जायचे आहे आणि त्यासाठी काय करायचे आहे यावर दोघांचे एकमत आहे का, आणि दोघांत विश्वास आहे का, एवढे तो पाहतो. सहकार्याचे हे नाते चांगले असेल तर परिणामही चांगला येतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मात्र गोड बोलणारा उपचारक म्हणजे चांगला उपचारक, असे यातून निघत नाही. गोव्यातल्या समुपदेशकांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण होत असे. ते सगळे एकत्र बसून एकमेकांच्या भेटी ऐकत आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देत. तज्ज्ञ नसलेल्या माणसाच्या हाती उपचार देणे ज्यांना धोक्याचे वाटते, त्यांनी स्वतःला विचारावे की आपल्या शहरातल्या किती पदवीधर समुपदेशकांचे काम आजवर दुसऱ्या कोणी ऐकले आहे.

आपल्याकडे हे काम करताना आणखी काही गोष्टी समोर येतात, पाश्चात्त्य पुस्तिकांत त्यांना जेमतेम एखादा परिच्छेद मिळतो. रुग्ण "मला नैराश्य आले आहे" असे म्हणत येत नाही. डोके जड आहे, हातापायांत जीव नाही, छातीत धडधडते, टेन्शन आहे, असे म्हणत येतो. गोव्यात बायकांच्या अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचा अभ्यास झाला, तेव्हा तिचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताणाशी अधिक जुळलेला दिसला. ज्या समुपदेशकाला शरीराच्या भाषेतली तक्रार आदराने ऐकता येत नाही, त्याच्यापर्यंत हे रुग्ण पोचतच नाहीत.

दुसरे म्हणजे रुग्ण एकटा येत नाही. सोबत नवरा, सासू, मोठा भाऊ, कधी शेजारीही असतात. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात नातेवाइकांना तंबू देऊन रुग्णाजवळच राहायला सांगितले होते. कुटुंबाला उपचाराच्या आत घेण्याची भारतीय परंपरा तेवढी जुनी आहे. पण सुनेचे दुखणे सासूसमोर निघत नाही. कोणाला किती वेळ आत बसवायचे, बाहेर थांबलेल्याला नंतर काय सांगायचे आणि काय नाही, हे ठरवण्यातच इथल्या समुपदेशकाचे निम्मे कसब जाते. त्यावर या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते मला सर्वांत आवडते.

तिसरी गोष्ट पोचण्याची. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपले चित्र फार वेगळे असेल असे मानायला आधार नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेला हा भाग. गावातल्याच कार्यकर्त्यांनी बोलायला सुरुवात केली, समुपदेशक आणि गरज पडेल तेव्हा मनोविकारतज्ज्ञ जोडून दिले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षाने २७.२ टक्के झाले. मदत घेतली म्हणून कर्ज फिटत नाही, पाऊसही येत नाही. समुपदेशन हा शेतीच्या धोरणाला पर्याय आहे असे कोणी सुचवू लागला, तर त्याला या क्षेत्रातल्या माणसांनीच आधी अडवले पाहिजे.

बायपोलर विकाराची गोष्ट वेगळी. इथे औषध पाया आहे. ऑस्ट्रेलियात जॉन केडने १९४९ साली लिथियमचा उपयोग दाखवला, तेव्हापासून या आजाराचे भवितव्य बदलले. नुसत्या बोलण्याने उन्माद आटोक्यात येत नाही आणि तसा दावा करणाऱ्यापासून लांब राहावे. पण औषधाच्या जोडीला बोलणे बरेच काही करते. बार्सिलोनामध्ये १२० रुग्णांवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आजाराविषयी नीट शिकवणाऱ्या एकवीस गटभेटींनी आजार उलटण्याचे प्रमाण कमी केले. अमेरिकेतल्या २००७च्या एका मोठ्या अभ्यासात बायपोलरच्या नैराश्यात असलेले २९३ रुग्ण होते. सविस्तर मानसोपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के वर्षभरात सावरले, तीनच माहितीपर भेटी मिळालेल्यांपैकी ५२ टक्के. पिट्सबर्गच्या एलेन फ्रँक यांनी झोपणे, उठणे, जेवणे, माणसांत मिसळणे यांच्या वेळा स्थिर ठेवण्यावर भर दिला, कारण झोप मोडली की उन्मादाला वाट मिळते. हे आपल्याकडे सांगणे सोपे, पाळणे कठीण. लग्नसराई, गणपतीतली जागरणे, हिंजवडीतली रात्रपाळी, सगळ्यांत झोपेचाच बळी जातो. "चुलतभावाच्या लग्नात हळदीला थांबायचं, पण अकराला झोपायचं, औषध कोणाजवळ राहील, आणि मी जास्त बोलायला लागलो तर कोण सांगेल?" असे आधीच ठरवून घेणे हाच त्या आठवड्याचा मानसोपचार असतो. केय रेडफिल्ड जॅमिसन या मानसशास्त्रज्ञ स्वतः या आजाराच्या रुग्ण. त्यांनी १९९५च्या आत्मकथनात लिथियम आणि मानसोपचार या दोन्हींचे ऋण मान्य केले आहे; तरुण रुग्णांच्या हाती मी तेच पुस्तक आधी देतो.

कधी बोलणे पुरत नाही, हे ओळखणे प्रशिक्षणाचा भाग आहे. रुग्ण खाणेपिणे सोडतो, कानांत आवाज येतात, मरण्याची वेळ आणि साधन ठरवून झालेले असते, अशा वेळी भेटीची पुढची तारीख देऊन भागत नाही. मनोविकारतज्ज्ञ, घरातले विश्वासाचे माणूस आणि गरज असेल तर रुग्णालय लागते. आत्महत्येचा विचार येतो का, हे विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. स्पष्ट शब्दांत विचारावे. केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक या पुस्तकाच्या वाचकांपैकी प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा.

उपचारकाकडून नुकसानही होते. काही रुग्ण बोलण्याच्या उपचारात बिघडतात, काही वर्षानुवर्षे त्याच खुर्चीत अडकून राहतात. 'समुपदेशक' अशी पाटी लावायला आपल्याकडे अजून फारशी अडचण येत नाही. रुग्णाने किंवा नातेवाइकाने पहिल्याच भेटीत विचारावे: तुमचे शिक्षण काय, कोणत्या पद्धतीने काम करता, साधारण किती भेटी लागतील, आणि फरक पडतो आहे हे आपल्याला कसे कळेल? जो या प्रश्नांनी चिडतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायची गरज नाही.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचलेच पाहिजे असे नाही. विद्यार्थ्यांनी पद्धतींची प्रकरणे क्रमाने वाचावीत, आणि त्यांतले कागद आधी स्वतःच्या एका आठवड्यावर भरून पाहावेत. डॉक्टरांना घाई असेल तर शारीरिक तक्रारींचे प्रकरण पुरे आहे, बाकीचे नंतर. ज्यांच्या घरात बायपोलरचा प्रश्न आहे त्यांनी नववे प्रकरण आधी घ्यावे. त्यातला धोक्याच्या खुणांचा तक्ता रुग्ण बरा असताना, त्याच्याच हाताने, त्याच्याच शब्दांत भरून घ्यायचा आहे. जो वाचक स्वतः सध्या आजारी आहे, त्याने तिसऱ्या प्रकरणातले फक्त पहिली चार पाने वाचली तरी चालेल. एका बैठकीत तेही झाले नाही, तर उरलेले उद्या.